मानशीचा लिलाव

रात्री कधीतरी संगणकानं स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं.
सकाळी शटर वर ढकललं, झेरॉक्सचं यंत्र तापत ठेवलं,
तर ब्राउझरच्या उजव्या कडेला एक पट्टी उभी :
'या पानाचा सारांश देऊ?'
मी काही मागितलं नव्हतं.

चोडणच्या धक्क्यावर माझं दुकान.
फेरी लागली की गिऱ्हाईक, सुटली की सामसूम.
जन्मदाखले, वीजबिलं, पोर्तुगालचे अर्ज,
कुणाच्या भाटाचा एक-चौदाचा उतारा.

शाणू कांदोळकर आला. पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झालेला,
हातातल्या पिशवीत कुर्ल्या खुरखुरत होत्या.
"सुकांते, नोटीस लागल्या म्हणटात. पळय मगे."
नोटीस इंग्रजीत, सात पानं.
रायबंदरची फेरी सुटायच्या बेतात, तो घाईत.
मी पट्टीवर टिचकी मारली.

श्वासही न घेता तिनं सांगितलं, शुद्ध मराठीत :
'खजिन्याच्या मनाचा जाहीर लिलाव.
मन तीन वर्षांसाठी देण्यात येईल.
सर्वाधिक बोली लावणाऱ्यास
ओहोटीच्या वेळी मन उघडण्याचा हक्क राहील.'

मी मोठ्यानं वाचलं आणि थांबले.
शाणू हसला नाही.
"अनामत किती?" त्यानं विचारलं.

खाजन, मी पट्टीला टाइप करून सांगितलं, खजिना नव्हे.
खाडीकडून बांध घालून मागून घेतलेलं शेत.
आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार,
तिथं जाळं लावतात, मासळी मिळते, म्हणून लिलाव.
'तुमचं अगदी बरोबर आहे,' ती लगेच म्हणाली,
इतक्या लगेच
की मला माझाच संशय आला.

पाचव्या पानावरचं एक कलम तिनं गाळलं होतं :
पेरणीच्या दिवसांत मानस बंद ठेवावी,
खारं पाणी आत घेऊ नये.
महत्त्वाचं वाटलं नसेल.
त्याच कलमावरून शाणूच्या बापानं
कायतान फर्नांडिसशी अकरा वर्षं अबोला धरला.
शेत कायतानचं, मासळी ह्याची, पाणी कुणाचंच नाही.
शेवटी कायतानच्या पेटीला खांदा देताना
म्हातारा पुटपुटला होता, "दार बंद केलंय रे."
हे सात पानांतही नव्हतं.
तिला कसा दोष देऊ?

शाणू गेला,
दहा रुपये आणि दोन कुर्ल्या ठेवून. छापील कागद उद्या नेतो म्हणाला.

दुपारी धक्क्यावर कुणी नव्हतं. पट्टी म्हणाली,
'परवा रात्री तुम्ही
"पोर्तुगीज पासपोर्ट परत करता येतो का"
हे चार वेळा शोधलंत. तिथून पुढे वाचू या?'

परवा ती इथं नव्हती.
पोर्तोला गेलेला माझा मुलगा
फोनवर आताशा फक्त हवामान सांगतो,
हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मानशीचं दार बापडं साधं असतं.
सुकतीला पाणी आतून ढकलतं, ते उघडतं.
भरती बाहेरून रेटते, ते आपसूक मिटतं.
ह्या पट्टीचं दार कुठल्या बाजूला उघडतं
ते मी सेटिंगमध्ये शोधत बसले,
एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात.
बंद करायची कळ सापडली. दाबली.
पट्टी कडेला सरकली, बारीक झाली,
गेली नाही.

तिन्हीसांजेला शाणूच्या कागदावर
पेनानं मन खोडून मानस लिहिलं, तीन ठिकाणी.
पाचव्या पानावरचं कलम खाली हातानं उतरवलं,
अनामतीचा आकडाही.

एक प्रत मात्र न खोडता
खणात ठेवली, पावतीबुकाच्या खाली.
तिच्यात अजून मनाचाच लिलाव आहे.
अनामत किती, ते लिहिलेलं नाही.